मॉसफेट आणि आयजीबीटी थंड ठेवायचे तर: हीटसिंक, पंखा आणि पाणी

इन्व्हर्टर किंवा मोटर ड्राइव्हमधला मॉसफेट किंवा आयजीबीटी (दोन्ही मोठा करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळाला की पहिला विचार मोठ्या हीटसिंकचा येतो. त्याआधी मॉसफेट आणि हीटसिंक यांच्यामधला थर तपासा. उष्णता अडते ती बहुधा तिथेच.

आकडे मांडून बघा. समजा मॉसफेटमध्ये ४० वॅट उष्णता तयार होते आणि पेटीतली हवा ५० अंश सेल्सिअसवर आहे. डेटाशीटमध्ये जंक्शनची (आतल्या सिलिकॉन चिपची) कमाल मर्यादा १५० अंश असली तरी हिशेब ११० वर करा. हाताशी उरले ६० अंश. भागिले ४० वॅट, म्हणजे एकूण थर्मल रेझिस्टन्स (उष्णतेच्या वाटेतला अडथळा) १.५ अंश प्रति वॅट. त्यातून जंक्शन ते केस ०.५ आणि इन्सुलेटिंग पॅडचे ०.४ वजा केले, तर हीटसिंकच्या वाट्याला ०.६ येतात. पॅड जाड निघाला आणि ०.४ ऐवजी १.० झाला, तर तोच हीटसिंक असूनही जंक्शन २४ अंशांनी जास्त तापेल. ४० वॅटचा आकडा काढताना मॉसफेटचा २५ अंशांवरचा ऑन-रेझिस्टन्स (चालू असतानाचा विद्युत रोध) धरू नका. तापल्यावर तो दीडपट ते दुप्पट होतो. स्विचिंग लॉस, म्हणजे चालू-बंद होताना वाया जाणारी शक्ती, हाही त्यात मिळवा.

आता जोडणी. हीटसिंकच्या भोकांच्या कडेला ड्रिलिंगचा उंचवटा राहिलेला असतो, तो आधी काढा. नाहीतर मॉसफेट एका बाजूने उचललेला राहतो. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि बोट लावू नका. पेस्टचे काम फक्त सूक्ष्म खड्ड्यांतली हवा बाहेर काढण्याचे. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, साध्या पेस्टची १ ते ५, अॅल्युमिनियमची २०० च्या आसपास. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी, पण धातूच्या तुलनेत अडथळाच. जाड थर दिला तर तोटाच होतो. मोठ्या मॉड्यूलसाठी (एकाच तळपट्टीवर अनेक चिप असलेल्या डब्यासाठी) ५० ते १०० मायक्रॉन पुरतात, आणि स्टेन्सिल (भोके पाडलेला पत्रा) वापरली की थर सारखा बसतो. अभ्रकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी पेस्ट लागते. सिलिकॉन पॅड कोरडाच बसवायचा.

स्क्रू टॉर्क पान्यानेच आवळा. चार स्क्रूंचे मॉड्यूल असेल तर समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने आधी एक-तृतीयांश टॉर्क, मग पूर्ण. एकच कोपरा आधी घट्ट केला तर तळपट्टी वाकते, आतल्या सिरॅमिकला तडा जाऊ शकतो, आणि तो दोष काही महिन्यांनी उघड होतो. पेस्ट घट्ट असेल तर ती पसरायला वेळ द्या आणि टॉर्क पुन्हा तपासा. वारंवार गरम-थंड होणाऱ्या यंत्रात पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. अशा ठिकाणी फेज-चेंज पॅड (तापल्यावर मऊ होणारा) जास्त टिकतो.

टॅबवर, म्हणजे पाठीच्या धातूच्या पट्टीवर, मॉसफेटचा ड्रेन किंवा आयजीबीटीचा कलेक्टर जोडलेला असेल तर सर्व पिना एकत्र शॉर्ट करून, त्या आणि हीटसिंक यांच्यामध्ये इन्सुलेशन टेस्टर लावा. साध्या मल्टिमीटरला पॅडमधले बारीक छिद्र दिसत नाही. हीटसिंक अर्थ करा.

पंखा नसेल तर हीटसिंकच्या पाती उभ्या ठेवा. पंखा निवडताना हवेचे घनमीटर प्रति तास काढायचे सूत्र सोपे आहे: वॅट गुणिले ३, भागिले हवा जितके अंश तापू द्यायची तितके. ५०० वॅट आणि १० अंश म्हणजे १५० घनमीटर. पंख्यावर लिहिलेला आकडा मात्र मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फिल्टर आणि पातींमधून जाताना त्यातला निम्माच उरतो असे धरा. फिल्टर धुळीने भरला की तोही उरत नाही.

काही किलोवॅट उष्णता लहान जागेतून काढायची असेल तर पाणी. प्रवाह लिटर प्रति मिनिट = १४.३ गुणिले किलोवॅट, भागिले तापमानवाढ; २ किलोवॅट आणि ५ अंशांना साधारण ६ लिटर. अॅल्युमिनियमची प्लेट आणि तांब्याचा रेडिएटर एकाच चक्रात ठेवला तर अॅल्युमिनियम खाल्ले जाते. दोन्ही एकाच धातूचे घ्या, आणि डीआयोनाइज्ड पाण्यात गंजरोधक घाला. पंप टाकीच्या खाली बसवा, म्हणजे त्यात हवा अडकणार नाही. पाणी दवबिंदूपेक्षा थंड ठेवलेत तर प्लेटवर दव जमून शॉर्ट होतो.

शेवटी पूर्ण लोडवर चाचणी घ्या आणि तापमान स्थिरावेपर्यंत थांबा. मोठ्या हीटसिंकला तासभरही लागतो. चकचकीत अॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड मीटर फार कमी तापमान दाखवतो, म्हणून त्या जागी काळी मॅट टेप लावून मोजा. हीटसिंकवर नॉर्मली क्लोज्ड (तापल्यावर उघडणारा) थर्मोस्टॅट बसवून गेट ड्राइव्हच्या, म्हणजे मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या सर्किटच्या, एनेबल लाइनमध्ये सिरीजला जोडा. मग पंखा मुद्दाम बंद करा आणि मॉसफेटची मर्यादा ओलांडण्याआधी ड्राइव्ह थांबतो का, ते पाहा.