करट आलंय? हापूसला शिव्या घालण्याआधी हे वाचा

मे महिन्यात काखेत नाहीतर मांडीला करट उठलं की आमच्याकडे निदान ठरलेलं, आंबे जास्त झाले, उष्णता बाहेर पडतेय. पण बहुतेक वेळा तो स्टॅफ नावाच्या बॅक्टेरियाचा उद्योग असतो. साधारण दहातल्या तिघांच्या नाकात हा एरवीही गुपचूप राहतो, मग घामाने कातडी भिजली, आंबे उतरवताना चीक उडाला तिथे खाजवलं किंवा दाढी करताना कापलं की आत शिरतो. म्हणजे आंबा अगदीच निर्दोष नाही म्हणा, पण खाल्लेला नव्हे!

करायचं काय तर स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचं आणि 10-15 मिनिटं शेकायचं, दिवसातून 3-4 वेळा, बारीक करट बऱ्याचदा एवढ्यावरच फुटून बसतं. फुटलं की साबणाने धुवून कोरडी पट्टी बांधा. दाबायचं नाही, सुई टोचायची नाही, पू आतच ढकलला जातो. नाकाजवळचं किंवा वरच्या ओठावरचं तर मुळीच नको, तिथल्या शिरांतून इन्फेक्शन मेंदूपर्यंत जाऊ शकतं.

मोठं झालं तर डॉक्टर चिरा देऊन पू काढतात आणि खरा इलाज तोच, अँटिबायोटिक लागेलच असं नाही. मेडिकलवाल्याला विचारून साधी अमॉक्सिसिलिन घेणारे भरपूर, पण बरेच स्टॅफ तिला दाद देत नाहीत, आणि एमआरएसए नावाचा हट्टी प्रकार तर 1961 पासून माहीत आहे, म्हणून करटं परत परत येत असतील तर पुवाची कल्चर टेस्ट (कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल ते बघणारी) करायला सांगा. स्टेरॉइडवालं मिक्स क्रीम स्वतःच्या मनाने लावू नका, लाली दबते आणि आतून वाढत राहतं.

लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा, ती ओलांडली, ताप आला, लाल पट्टे वर चढायला लागले किंवा पेशंटला शुगर आहे, तर थांबू नका. मासे साफ करताना काटा लागला किंवा जखमेत खाडीचं पाणी गेलं आणि काही तासांत हात सुजला तर लगेच दवाखाना गाठा आणि हे आवर्जून सांगा, तिथला जंतू वेगळा असू शकतो आणि औषधही मग वेगळं.

घरात टॉवेल, रेझर सगळ्यांचे वेगळे ठेवा. पावसाळ्यात कपडे वाळता वाळत नाहीत, निदान पेशंटचे तरी गरम पाण्यात धुवून कडक इस्त्री फिरवा.