आठवी-नववीतली पोरगी सॉफ्टबॉल सोडायचं म्हणते तेव्हा काय करायचं

जून महिना आला की आमच्याकडे फोन सुरू होतात, मॅडम तिची आता नववी आहे, पुढच्या वर्षी दहावी, तेव्हा खेळ बंद करतोय. आणि दहावीचं नाव निघालं की पुढे कुणी काही बोलतच नाही. पण त्याच मुलीला बाजूला घेऊन नीट विचारलं ना, तर दहावी हे सगळ्यात शेवटचं कारण निघतं, त्याच्या आधीची तीन-चार कारणं कुणी विचारलेलीच नसतात आणि त्यातली बरीचशी फुकटात सुटणारी असतात. मी मुलींना सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच बॅट-बॉलचा खेळ) शिकवते, म्हणून हे आईवडिलांसाठी पण लिहितेय आणि शाळेतल्या क्रीडा शिक्षकांसाठी पण.

एक सांगते, हे फक्त आपल्याकडच्या दहावीमुळे होत नाही. अमेरिकेत सॉफ्टबॉल शाळाशाळांत आहे, त्यावर कॉलेजची स्कॉलरशिप मिळते, तरी १४ वर्षांपर्यंत मुली मुलांच्या दुप्पट प्रमाणात खेळ सोडतात असं तिथलं विमेन्स स्पोर्ट्स फाउंडेशन सांगतं. म्हणजे त्या वयातच काहीतरी होतं, ते आधी शोधा.

विचारायची पद्धत महत्त्वाची आहे. "का सोडतेस?" असं समोर बसवून विचारलं की उत्तर ठरलेलं, "कंटाळा आलाय". त्यापेक्षा गाडीवरून येता-जाता किंवा भाजी निवडताना सहज विचारा की घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत सगळ्यात नकोसं काय वाटतं. आमच्याकडे एक कॅचर (बॅटिंग करणारीच्या मागे बसून बॉल पकडणारी) होती, चांगली कॅचर, तिलाही कंटाळाच आला होता. खोदून विचारल्यावर कळलं की संध्याकाळी मैदानाजवळचं टॉयलेट बंद असतं म्हणून ही दुपारपासून पाणीच पीत नव्हती, मग उन्हात हेल्मेट, चेस्ट प्रोटेक्टर, लेग गार्ड घालून बसायचं, डोकं ठणकायचं, घरी जाऊन उलटी, आणि हे सरांना सांगणार कसं? मुख्याध्यापिका बाईंना भेटून टॉयलेटची एक चावी शिपाईकाकांकडे सातपर्यंत ठेवायची सोय केली, बास, एवढंच करायचं होतं. तर शिक्षकांनो, प्रॅक्टिसचं टाइमटेबल लावायच्या आधी टॉयलेट, पाणी आणि कपडे बदलायला जागा हे तीन बघा, बॅट नंतर घ्या.

दुसरी गोष्ट पाळी, आणि यावर मोकळं बोलायलाच पाहिजे. टीमची पॅन्ट पांढरी असेल तर ती बदला, काळी किंवा नेव्ही ब्लू करा. विम्बल्डनसारख्या ठिकाणी, जिथे पांढऱ्याचा इतका कडक नियम, तिथेसुद्धा २०२३ पासून मुलींना आत गडद रंगाची शॉर्ट घालू देतात, मग आपल्या तालुक्याच्या टीमला काय अडचण आहे? सॉफ्टबॉलमध्ये बेसवर पोचताना स्लाइड मारावी लागते, म्हणजे जमिनीवर घसरत जावं लागतं, पॅड सरकतं, डाग पडायची भीती असते, म्हणून मुलगी बेस स्टील करायला (पिच पडत असताना पुढच्या बेसकडे पळायला) जातच नाही आणि आपण म्हणतो हिची जिद्द कमी झाली. पॅन्टच्या आत सायकलिंग शॉर्ट किंवा स्लाइडिंग शॉर्ट द्या, मापाची स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या (हे आईने स्वतः दुकानात नेऊन करावं, अंदाजाने आणू नये), आणि टीमच्या किटबॅगेत पॅडचं एक पाकीट कायम असू द्या, म्हणजे कुणाला मागावं लागत नाही.

शरीराचं बोलायचं तर, बारा वर्षांची असताना जी सगळ्यात वेगात पळायची ती चौदाव्या वर्षी मागे पडते, उंची-वजन बदलतं, बॅटिंगचं टायमिंग बिघडतं, आणि तिला वाटतं आपल्याला आता येत नाही. तिला स्पष्ट सांगा की हे वाढीचं आहे, काही महिन्यांनी जुळून येईल. शिवाय सारखी दमत असेल तर आळशी म्हणायच्या आधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं होतं, म्हणजे तुमच्या टीममध्येही निम्म्या पोरी अशा असू शकतात. आणि वॉर्मअपमध्ये नुसत्या मैदानाला चकरा नकोत, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, एका पायावर तोल, दिशा बदलून पळणं हे रोज पंधरा मिनिटं घ्या, कारण या वयात मुलींचा गुडघ्याचा एसीएल लिगामेंट फाटायचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि एकदा फाटला की वर्ष गेलंच समजा.

पिचरबद्दल, म्हणजे बॉल टाकणारीबद्दल, वेगळं सांगते. अंडरआर्म टाकतात म्हणून खांद्याला त्रास नाही, कितीही टाकू द्या, असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय आणि तो चुकीचा आहे. मोठ्या मुलींना ४३ फुटांवरून टाकायचं असतं, हात पूर्ण गोल फिरतो, खांद्याच्या पुढच्या बाजूला जोर येतो. शालेय स्पर्धेत एका दिवसात दोन-तीन मॅच लागतात आणि सगळ्या मॅच एकाच पोरीच्या जिवावर काढल्या जातात. ती तक्रार करत नाही कारण टीम हरेल, मग सीझन संपला की गुपचूप सोडते. टीममध्ये कमीत कमी तीन पिचर तयार करा. खांदा पुढून दुखतोय म्हणाली की त्या दिवशी पिचिंग बंद, आणि बरं वाटलं नाही तर डॉक्टर, मसाज करून परत उभी करायची नाही.

आता डगआउट, म्हणजे टीमची बाहेर बसायची जागा. नऊ जणी खेळतात आणि बाकीच्या टाळ्या वाजवतात, जिल्हा ते विभाग ते राज्य सगळीकडे टाळ्याच, तर कोण राहील? इथे नियमच आपल्या मदतीला आहे पण फार थोडे कोच तो वापरतात. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या लाइनअपमधली खेळाडू बाहेर काढली तरी एकदा परत येऊ शकते, फक्त बॅटिंगचा क्रमांक तोच राहिला पाहिजे. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या इनिंगला नवीन पोरीला राइट फिल्डला उभं करा, एक बॅटिंग द्या आणि मॅच अडकली तर मूळ खेळाडू परत आणा. शिवाय डीपी आणि फ्लेक्स (एकीच्या जागी फक्त बॅटिंगला दुसरी ठेवायची सोय) वापरलं तर लाइनअपमध्ये नऊऐवजी दहा जणींची नावं येतात. आठवडाभर घाम गाळणाऱ्या पोरीला दोन इनिंग मिळाल्या तर ती पुढच्या सोमवारी येते, नाही मिळाल्या तर आईला पोटात दुखतंय म्हणून सांगते.

कोचच्या वागण्याबद्दल पण बोलते. वजनावरून, रंगावरून, "पोरींसारखं काय टाकतेस" असली वाक्यं मैदानावर नकोतच. पिचिंग किंवा बॅटिंगची पोझिशन शिकवताना हात लावायची गरज फार कमी वेळा पडते, स्वतः करून दाखवा, मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा, हात लावायचाच असेल तर आधी विचारा. बाहेरगावी टीम जाताना सोबत बाई मॅनेजर असायलाच हवी आणि पालकांनी ते आधी विचारून घ्यावं, यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. मुलीने एखाद्याबद्दल काही सांगितलं तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा आहे, चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर आहे. "टीमचं नाव खराब होईल" हे त्या वेळी कुणीही बोलायचं नाही.

आणि आता दहावी. खेळ बंद करू नका, थांबवा, आणि परत यायची तारीख आधीच ठरवा. आपल्या शालेय स्पर्धा साधारण पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत उरकतात, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बरंचसं एकमेकांवर येतच नाही. दिवाळीपर्यंत आठवड्यातून तीन दिवस, दिवाळीनंतर एक दिवस नुसतं कॅच आणि थ्रो, जानेवारीपासून पूर्ण सुट्टी, आणि शेवटच्या पेपरनंतर आठवड्याने परत मैदान. हे कागदावर लिहून मुलगी, पालक आणि कोच तिघांनी सह्या करा, ऐकायला जरा जास्त वाटेल पण सही असली की एप्रिलमध्ये फोन करायला हक्क राहतो. मधल्या काळात तिला टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढू नका. खेळाचे वाढीव गुण मिळण्यासारखे असतील तर त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातोय का बघा, मुदत चुकली की हातात काही राहत नाही. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून सर्टिफिकेटं फाइलला लावून ठेवा, पण तेवढ्या एका आशेवर मुलीला ढकलत ठेवू नका.

दहावी पार पडली तरी अकरावीत मुली जातातच, कारण नव्या ज्युनियर कॉलेजात टीमच नसते. ॲडमिशनचा फॉर्म भरताना कट-ऑफसोबत हेही विचारा की इथे १९ वर्षांखालची सॉफ्टबॉल टीम आहे का, नसेल तर जुन्या मैदानावरच क्लबमधून खेळायची सोय करा.

एवढं सगळं करूनही ती नको म्हणाली तर सोडू द्या. "एवढा खर्च केला" हे वाक्य काढू नका. ग्लोव्ह लगेच विकू नका, तेल लावून कपाटात ठेवा, आणि तिला स्कोअरशीट भरायला किंवा लहान मुलींना फिल्डिंग द्यायला यायचंय का एवढं विचारा. काही येतात, काही नाही येत.