सोसायटीचा हिशेब विंडोजवर आणि लिनक्सवरही: फुकटातली साधने कशी निवडाल

गिरगावातल्या सोसायटीच्या ऑफिसात विंडोज, घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, आणि मेंटेनन्सचा हिशेब दोन्हीकडे उघडायला हवा. असा प्रोग्राम हौसेने लिहायला घेताना सॉफ्टवेअरवर रुपयाही घालवू नका. पैसे घालायचेच तर लॅमिंग्टन रोडवर रॅम ८ जीबी करून घ्या, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. निघण्याआधी मॉडेल नंबरवरून रॅमचा स्लॉट आहे का ते बघा. पातळ लॅपटॉपांत बऱ्याचदा रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती वाढवता येत नाही.

साधन ठरवण्याआधी एक छोटी परीक्षा घ्या. एक खिडकी, एक बटण, आणि त्यावर ‘क्षीरसागर, म्हात्रे, कुऱ्हाडे’. दोन्ही मशीनवर चालवून जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट दिसतात का बघा.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला सर्वांत सोपी. विंडोजवर इन्स्टॉल करताना ‘पाथ’मध्ये (प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी) जोडण्याची खूण करायला विसरू नका, नाहीतर कमांड सापडत नाही. उबुंटू या लिनक्सवर टीकिंटर, म्हणजे पायथॉनमध्ये खिडक्या-बटणे काढणारा भाग, वेगळे टाकावे लागते, पॅकेजचे नाव ‘पायथॉन३-टीके’. पण अडचण पुढेच आहे: टीकिंटर ज्यावर चालते ते टीके ८.६ लिनक्सवर जोडाक्षरे जोडत नाही, वेलांटीही भलतीकडे पडते. विंडोजवर तोच मजकूर नीट दिसतो, म्हणून चूक उशिरा कळते. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ स्पष्ट लिहा; विंडोजवर ते गृहीत धरले तर मराठी नावांचा चुथडा होतो. आणि पायथॉनच्या प्रोग्रामची थेट चालणारी फाइल बनवणारा पायइन्स्टॉलर ज्या सिस्टिमवर चालवाल तिच्यासाठीच फाइल बनवतो, म्हणजे लिनक्सवर बसून विंडोजची ईएक्सई (थेट चालणारी फाइल) होणार नाही.

म्हणून खिडक्या, तक्ते, बटणे असलेल्या कामाला आमची पसंती लाझारसला. हे प्रोग्राम बनवण्याचे साधन फ्री पास्कल या भाषेवर चालते, संपूर्ण मोफत आहे, आणि बटणे माउसने ओढून मांडता येतात. लिनक्सवर जीटीके ही खिडक्या-बटणांची लायब्ररी मजकूर काढते, त्यामुळे जोडाक्षरे शाबूत राहतात. ऑफिसातल्या मशीनवर एकच ईएक्सई ठेवली की बहुधा काम भागते, वेगळे काही टाकावे लागत नाही.

गेम करायचा असेल तर गोडो हे गेम बनवण्याचे साधन, पण ४ किंवा पुढची आवृत्तीच घ्या. ३ मध्ये देवनागरी नीट जुळत नाही. फॉन्ट प्रोजेक्टमध्येच ठेवा, नाहीतर गेम ब्राउझरमध्ये चालवताना अक्षरांऐवजी चौकोन दिसतील.

मोबाइलचा विचार नंतर. प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर, आणि आयफोनसाठी बिल्ड करायला मॅक लागतोच.