दातांच्या उपचारात नुकसान झालंय? भरपाई मागताना या चुका टाळा

ग्राहक आयोगात तक्रार करणाऱ्यांचे कागद लावून द्यायला मी मदत करते. दातांच्या तक्रारी घेऊन येणारी माणसं पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी अडकतात आणि दर वेळी माझा जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी दुसरीकडे दुरुस्ती आणि मग तक्रार. एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं, कॅप बसली, तरी आठ महिने ठणका. डॉक्टर दर वेळी "कमी होईल हो ताई" म्हणून गोळ्या लिहून देत. शेवटी त्या दुसऱ्या दवाखान्यात गेल्या, तर एक्सरेत मुळात फाइलचा तुकडा अडकलेला. फाइल म्हणजे दाताच्या मुळातली नळी साफ करायची केसासारखी बारीक सुई. दाढ वाचण्यासारखी नव्हती, त्याच दिवशी काढली. बाई माझ्यासमोर बसल्या तेव्हा हातात फक्त गोळ्यांच्या चिठ्ठ्या होत्या. दाढ तुकड्यासकट कचऱ्यात गेलेली. एक्सरे दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर होता, तो मागितलाच नव्हता. मागायला गेलो तेव्हा कॉम्प्युटर नवा आलेला.

आणि नुसती फाइल तुटली म्हणून निष्काळजीपणा ठरत नाही, चांगल्या हातूनही ती तुटते. तुटल्यावर पेशंटला सांगितलं का, पुढे काय केलं, यावर सगळं ठरतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: दुरुस्तीला हात लावू देण्याआधी नवा एक्सरे किंवा ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) काढा, त्याची कॉम्प्युटरवरची प्रत तिथेच बसून स्वतःच्या मेलवर घ्या, आणि दिसलं ते दुसऱ्या डॉक्टरांकडून केसपेपरवर तारखेसह लिहून घ्या. काढलेला दात, जुनी कॅप डबीत घालून घरी आणा. गाल सुजलाय, ताप आहे, तर उपचार थांबवू नका. एक्सरेला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

दुसरी चूक सहीची. डॉक्टर फी परत देतात आणि समोर कागद सरकवतात, "माझी कोणतीही तक्रार नाही". लोक घाईत सही करून मोकळे होतात, मग सहा महिन्यांनी इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचा, खर्च कळतो. पैसे घ्यायचे तर 'फीचा परतावा मिळाला' एवढंच लिहा. उलट, उपचाराआधीच्या संमतीपत्रावर सही केली म्हणून घाबरून घरी बसू नका. ती सही उपचाराला दिलेली असते, हलगर्जीपणाला नाही.

अक्कलदाढ काढल्यावर ओठ, हनुवटी बधिर राहिली तर "येईल हळूहळू" म्हणत वर्ष घालवू नका. खालच्या जबड्यातल्या नसेला इजा झालेली असू शकते. लगेच ओरल सर्जनला (तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना) दाखवा, बधिर भागाची नोंद करून घ्या. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण द्यावं लागतं, आणि 'बघू म्हटलं' हे कारण नव्हे.

भरपाईसाठी डेंटल कौन्सिलकडे, म्हणजे दातांच्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, जाऊ नका. ते डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई करू शकतं, पैसे मिळवून देत नाही.

थेट पोलिसांत धावणंही बहुतेकदा फुकट जातं. फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच स्पष्ट केलंय.

फेसबुकवर डॉक्टरचं नाव घेऊन शिव्या देऊ नका. बदनामीची उलटी नोटीस येते.

पन्नास लाखांची मागणी ठोकायचा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. झालेला खर्च, पुढचा खर्च, बुडालेली मजुरी आणि त्रास वेगवेगळे मांडा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कोणत्या आयोगाकडे जायचं आणि तक्रारीची फी किती, हे मागणीवर नाही, तुम्ही उपचारासाठी मोजलेल्या पैशांवर ठरतं. ते पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फीच नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते.

चुकीचा दात काढला अशी उघड चूक सोडली, तर एखाद्या एमडीएस (दातांच्या शास्त्रातली पदव्युत्तर पदवी) डॉक्टरांचं लेखी मत जोडाच. ते मिळवायला चार दवाखाने फिरावं लागतं, त्याला पर्याय नाही.

त्या शिक्षिकेच्या दुसऱ्या डॉक्टरांनी दाढ काढताना आपल्याकडच्या केसपेपरवर आपणहून एक ओळ लिहिली होती: मुळात तुटलेलं उपकरण, आधीच्या उपचारातलं. खाली तारीख आणि सही. त्या ओळीवर आम्ही तक्रार उभी केली. सुनावणी चालू आहे.