नडीच्या बाजारात शेअर आणि शेत घेताना

मिल अडचणीत आल्याचं बँकेच्या आधी बारदानावाल्याला कळतं. रोखीनं पोती उचलणारा मालक 'पुढच्या बुधवारी देतो' म्हणायला लागला, की तो काय ते समजून जातो. मी लातूरच्या एका डाळमिलमध्ये 31 वर्षं मुनीम होतो. अजूनही मंदीत कुणी 'अमका शेअर निम्म्यावर आलाय' किंवा 'तमक्याचं शेत पडेल भावात मिळतंय' असं सांगितलं, की भाव मी नंतर बघतो. आधी विचारतो, रोकड अडलीय का मूळच गेलंय?

हा फरक मला तुरीनं शिकवला. 2015 साली तूरडाळ किलोला 200 रुपयांपर्यंत गेली, मग सगळ्यांनीच तूर पेरली, आणि 2016-17 च्या हंगामात बोनस धरून क्विंटलला 5,050 हमीभाव असताना मोंढ्यात त्याच्या खाली तूर विकली जात होती. महाग माल भरून बसलेल्या आमच्या ओळीतल्या दोन मिलींना एकाच महिन्यात कुलूप लागलं. पहिलीचं वीजबिल भरलेलं होतं, यंत्रांवर कर्ज नव्हतं, हमालांचे पैसे दर शनिवारी मिळत होते. दुसरीनं कलर सॉर्टर, म्हणजे डाळ रंगावरून निवडायचं यंत्र, कर्जावर घेतला होता, एकच माल दोन ठिकाणी तारण ठेवला होता, आणि कॅश क्रेडिटच्या, म्हणजे माल भरायला बँकेनं दिलेल्या, पैशातून मालकानं पुण्यात प्लॉट केला होता. पहिली दसऱ्याला चालू झाली. दुसरीचे पत्रे भंगारवाल्यानं नेले.

शेअर बाजारातल्या कंपनीचं वीजबिल आपल्याला दिसत नाही, पण वार्षिक अहवालात तेच सगळं वेगळ्या नावानं असतं. नफ्याच्या आधी रोखप्रवाहाचं पान काढा. तीन-चार वर्षं नफा दिसतोय आणि धंद्यातून रोकड येतच नाही, तर माल उधारीवर जातोय किंवा नफा नुसता कागदावर लिहिलेला आहे. मग कामकाजाचा नफा व्याजाच्या किती पट आहे ते बघा. वाईट वर्षातही दुप्पट निघत असेल तर पुढं वाचावं, एकपटीच्या खाली असेल तर वही मिटावी. येत्या बारा महिन्यांत फेडायचं कर्ज आणि हातातली शिल्लक शेजारी-शेजारी लिहा. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मालक मंडळींनी, स्वतःचे किती शेअर गहाण टाकलेत ते दर तिमाहीला जाहीर होतं. आणि ऑडिटर मुदतीच्या आधी सोडून गेला असेल, तर माझ्यापुरता विषय संपतो. मुनीम पळाला की चोपड्या बघायची गरज नसते.

मोठी उदाहरणं दोन सांगतो. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर एका दिवसात 179 वरून 40 वर आला. हिशेब खोटे होते, पण गिऱ्हाईक आणि काम करणारी माणसं खरी होती, म्हणून तीन महिन्यांत टेक महिंद्रानं 58 रुपये भावानं हिस्सा घेतला. त्याच्या उलट डीएचएफएल, घरकर्ज देणारी कंपनी. 2021 मध्ये पिरामलनं कंपनी घेतली, कंपनीचं काम चालू राहिलं, आणि जुन्या भागधारकांच्या हातात शून्य आलं. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात देण्यांची रांग ठरलेली आहे. प्रक्रियेचा खर्च, कामगार, तारण असलेले सावकार, मग बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी शेअरवाला. तोपर्यंत पातेलं रिकामं झालेलं असतं. त्यामुळे प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलेल्या कंपनीचा शेअर तीन रुपयांना मिळतोय म्हणून घेऊ नका. मी घेतला होता. कापडाची कंपनी, 14 रुपयांना घेतला, 9 ला आणखी घेतला, 5 ला सरासरी खाली आणली. सरासरी छान खाली आली, शेअर साठ पैशांवर गेला.

पैसे एकदम लावू नयेत. मी पाच वाटे करतो. 2020 च्या मार्चमध्ये पहिले दोन वाटे लावले आणि पंधरवड्यात, 23 तारखेला, सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी कोसळला. घरात आठ दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. उरलेले तीन वाटे हातात होते म्हणून तगलो.

हे वाटे ठेवायचे कुठं, यातही फसगत होते. दोन टक्के व्याज जास्त म्हणून मी थोडी रक्कम एका मल्टिस्टेट पतसंस्थेत टाकली होती, ती अजून अडकलेली आहे. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना असतो, त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्थांना तो नसतो. बाजार पडला त्या दिवशी पैसा उचलता आला नाही, तर बाकीचा सगळा अभ्यास वाया.

आता शेत. इथं घाई केली तर शेअरपेक्षा महागात पडते, कारण शेअर निदान शून्यावर थांबतो, शेताचा दावा नातवापर्यंत चालतो.

शेत बघायला मे महिन्यात जावं, तेही दुपारी. मी औसा तालुक्यातलं 2 एकर 10 गुंठे घेतलं ते 2016 च्या मेमध्ये, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं तेव्हा. दलाल बोअर दाखवत होता. मी विहिरीत दगड बांधून सुतळी सोडली, वर ओढली, ओला भाग वितीनं मोजला. चार फूट पाणी. त्या उन्हाळ्यात ज्या विहिरीला चार फूट पाणी होतं, तिला आणखी काय विचारायचं? मग पहारीनं दोन ठिकाणी उकरलं. हातभर खाली चुनखडी लागते का, पावसाळ्यात पाणी साचून चिबडतं का, हे शेजारच्या धुऱ्यावरच्या माणसाला विचारलं. मालक हे सांगत नाही, शेजारी आनंदानं सांगतो.

कागदात सातबारा वरवर बघून चालत नाही. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा, बँकेचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विकण्यावर सरकारी अट असलेली जमीन, असेल तर परवानगीशिवाय हात लावू नका. आपल्याकडं निजामी काळातल्या मदतमाश (गुजराण्यासाठी दिलेल्या) आणि खिदमतमाश (सेवेबद्दल दिलेल्या) इनामांची भानगड वेगळीच, ती जुन्या फेरफारात आणि खासरा पत्रकात सापडते. म्हणून तलाठ्याकडून आजचा उतारा घेऊन थांबायचं नाही, मागचे सगळे फेरफार काढायचे. घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, मराठवाड्याला त्यासाठी 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागू आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्या घ्याच. 2005 पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. 'ताईचं काही म्हणणं नाही' हे वाक्य ताईच्याच तोंडून, रजिस्ट्री ऑफिसात ऐकावं.

बँकेच्या लिलावात शेत दिसलं तर दोनदा वाचा. बँका थकीत कर्जापोटी तारण विकतात त्या 2002 च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे अशा लिलावाला कर्जदार कोर्टात आव्हान देऊ शकतो. सावकाराकडून आलेल्या शेताचंही तसंच. अवैध सावकारीतली खरेदी रद्द करून जमीन मूळ शेतकऱ्याला परत द्यायचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला आहे. रस्ता नकाशावर बघा, बैलगाडी जाते म्हणजे रस्ता असतो असं नाही. तहसीलदाराकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम 143 खाली मागता येतो, पण तोवर पेरण्या निघून जातात. इसार देण्याआधी सरकारी मोजणी करून घ्या.

भावाचं सांगतो. विकणाऱ्याच्या पोराची इंजिनिअरिंगची फी आणि पोरीच्या लग्नाचं देणं एकदम आलं होतं. जमीन धडधाकट, माणसाची रोकड अडलेली. मला हवं ते हेच. त्यानं एकरी सहा लाख सांगितले. दलाल कानात म्हणाला, नडलाय, पाचवर आणतो. मी सहाच दिले, चेकनं. यात थोडी माणुसकी आहे आणि थोडा हिशेब. पिळून घेतलेला माणूस सही करतो, आणि दोन वर्षांनी भावकीला पुढं करून दावा लावतो.

उत्पन्नाची मोठी आशा ठेवू नका. शेत ज्यानं विकलं त्यालाच बटईनं दिलंय. 2024 ला सोळा क्विंटल सोयाबीन झालं, हमीभाव 4,892, आम्हाला मिळाले 4,200. निम्मा खर्च वजा जाता माझ्या वाट्याला अठरा हजारांच्या आत-बाहेर. घातलेल्या पैशावर सव्वा टक्का. ठेवीवर पाचपट मिळालं असतं, म्हणून माझ्या एकूण पैशातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मी जमिनीत कधी जाऊ दिला नाही. लवकर विकायची वेळ येईल असं वाटत असेल तर शेताच्या वाटेला जाऊच नये, नाहीतर उद्या नडलेले तुम्ही असाल.

मागच्या येळवसीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतातल्या कोपीत आंबिल वाढताना तो बटईदार म्हणाला, "मुनीमजी, इकायचं झालं तर पहिलं मला इचारा." मी हो म्हटलंय. भाव त्या दिवशीच्या बाजाराचा, हेही तिथंच सांगितलं.