युद्ध न्याय्य होते का, हे कसे तपासावे: गोवा १९६१

युद्धाच्या नैतिकतेचा विचार नेहमी आपल्या बाजूने लढल्या गेलेल्या युद्धापासून सुरू करावा, कारण परक्याच्या युद्धावर निवाडा देताना आपले काहीच पणाला लागलेले नसते. मराठी माणसासाठी पोर्तुगालच्या ताब्यातील गोव्यात भारताने डिसेंबर १९६१ मध्ये केलेली लष्करी कारवाई यासाठी योग्य आहे.

प्रथम कारण तपासावे, आणि एकाहून अधिक कारणे असतील तर ती वेगळी करावीत. ‘हा भूभाग भारताचा आहे’ हा एक दावा होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सभा आणि वृत्तपत्रे यांची गळचेपी सोसणाऱ्या गोमंतकीयांना स्वातंत्र्य हवे, हा दुसरा. मला दुसरा दावा अधिक बळकट वाटतो, कारण तो नकाशावर नव्हे तर माणसांवर आधारलेला आहे.

त्यानंतर अन्य मार्ग खरोखर संपले होते का, हे पाहण्यासाठी घटनाक्रम लिहून काढावा. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली. १९५० मध्ये भारताने वाटाघाटींचा प्रस्ताव मांडला आणि पोर्तुगालने तो फेटाळला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी, ज्यांत महाराष्ट्रातून गेलेलेही अनेक होते, त्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यावर कोणी म्हणेल की १९७४ मध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळलीच, मग बारा-तेरा वर्षे थांबता आले असते. हा आक्षेप टाळू नये. मात्र निर्णयाची पारख निर्णयाच्या वेळी ठाऊक असलेल्या गोष्टींवरच करावी, आणि थांबण्याची किंमत दिल्लीने नव्हे, तर गोव्यातील आग्वादच्या तुरुंगातील कैद्यांनी मोजली असती, हेही नोंदवावे.

विरोधकांचे म्हणणे त्यांना मान्य होईल अशा शब्दांत मांडावे. बळाचा वापर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेविरुद्ध आहे, असा आरोप सुरक्षा परिषदेत झाला. युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाला सात मते मिळाली, चार विरोधात गेली आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो बारगळला. नकाराधिकार म्हणजे उत्तर नव्हे. वसाहत हेच चालू असलेले आक्रमण आहे, हे भारताचे उत्तर आपण स्वीकारत असू, तर आपल्याला न आवडणाऱ्या राष्ट्राने तेच कारण सांगितल्यावरही तो नियम मान्य करण्याची तयारी हवी.

युद्ध कसे लढले गेले, याचा हिशेब वेगळा ठेवावा. दोन्ही बाजूंचे मिळून शंभराहून कमी सैनिक मारले गेले, पण त्याचे सारे श्रेय भारतीय सैन्याला देऊ नये: अखेरपर्यंत लढण्याचा पोर्तुगालच्या राजधानीचा, लिस्बनचा आदेश असतानाही गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि पुढे त्याची शिक्षाही भोगली.

शेवटी, ज्यांच्या नावाने युद्ध झाले त्यांना नंतर काय विचारले गेले, हे शोधावे. जानेवारी १९६७ मधील जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, एवढाच प्रश्न होता, आणि गोव्याने विलीनीकरण नाकारले. भारतात सामील होण्याचा प्रश्न मात्र मतदानाला कधीच ठेवला गेला नाही. कारवाई समर्थनीय होती असे मी मानतो, तरीही ही उणीव मला त्या समर्थनातून वगळता येत नाही.