सिंटरचा आरडीआय चढला की आधी अ‍ॅल्युमिना बघा

सिंटर म्हणजे बारीक लोहखनिज भाजून केलेली ढेकळं. आरडीआय (रिडक्शन डिसइंटिग्रेशन इंडेक्स) म्हणजे रिड्यूस होताना, म्हणजे ऑक्सिजन सुटताना, ती किती तुटतात त्याचा आकडा. ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीच्या, वरच्या भागात, साधारण 450 ते 600 अंश सेल्सिअसला, सिंटरमधल्या हेमटाइट या लोहाच्या ऑक्साइडचं मॅग्नेटाइट हे दुसरं ऑक्साइड होतं. स्फटिकरचना बदलते, आकारमान वाढतं आणि आतल्या ताणाने भेगा पडतात. भुगा वाढला की वायूला वाट मिळत नाही.

हे तुटणं आयएसओ 4696-2 पद्धतीने मोजा. 16 ते 20 मिमीचं 500 ग्रॅम वाळवलेलं सिंटर नायट्रोजनखाली 550 अंशांपर्यंत तापवा. मग 30 टक्के कार्बन मोनॉक्साइड, 70 टक्के नायट्रोजन, मिनिटाला 15 लिटर, 30 मिनिटं. गार करतानाही नायट्रोजन चालूच ठेवा. गरम नमुन्याला हवा लागली तर मॅग्नेटाइट पुन्हा ऑक्सिडाइज होतं आणि आकडा फसवा येतो. ड्रममध्ये मिनिटाला 30 च्या गतीने 900 फेरे द्या. 2.8 मिमीच्या चाळणीतून पडलेला माल किती टक्के, तो आरडीआय. बाहेर पडणारा वायू विषारी असतो, तो जाळूनच सोडा आणि डिटेक्टर चालू आहे ना, बघा.

आकडा चढला की लगेच कोक ब्रीझ (इंधन म्हणून मिसळलेला कोकचा चुरा) वाढवण्याचा मोह होतो. सिंटरमधलं एफईओ (फेरस ऑक्साइड) वाढून आरडीआय उतरतोही, पण सिंटर भट्टीत सहज रिड्यूस होत नाही आणि इंधन जास्त जातं. म्हणून आधी अ‍ॅल्युमिना. या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने सिंटर बनताना वितळलेला भाग घट्ट होतो, नीट पसरत नाही. गार होताना सांगाड्यासारखं दुय्यम हेमटाइट तयार होतं, आणि तडे नेमके तिथूनच सुटतात. आपल्याकडच्या खनिजात अ‍ॅल्युमिना मुळातच जास्त, त्यातही चिकणमातीमुळे बारीक भागात. म्हणून फाइन्सचं (बारीक खनिजाचं) विश्लेषण सरासरीवर सोडू नका. 150 मायक्रॉनखालचा भाग वेगळा काढून तपासा. अ‍ॅल्युमिना तिथेच साचला असेल तर धुऊन, हायड्रोसायक्लोनने (पाणी गरगर फिरवून कण वेगळे करणाऱ्या यंत्राने) स्लाइम, म्हणजे अतिबारीक चिखल, काढणं हाच खरा उपाय.

टायटॅनियाही (टायटॅनियम ऑक्साइड) तपासा. तो काचेसारख्या भागात जाऊन त्याला ठिसूळ करतो, त्यामुळे थोडासा वाढला तरी जाणवतो.

मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) उलट वागतो, मॅग्नेटाइट टिकवून धरतो. त्यासाठी डोलोमाइट (मॅग्नेशिया आणि चुना देणारा दगड) वाढवताना त्यातला चुना मोजून चुनखडी तेवढी कमी करा, नाहीतर बेसिसिटी (चुना आणि सिलिकाचं प्रमाण) हलेल आणि फरक कशाने पडला ते कळणार नाही. मॅग्नेशिया अति झाला तर वितळायला उष्णता जास्त लागते, सिंटर कच्चं राहतं.

कॅल्शियम क्लोराइडचं पातळ द्रावण तयार सिंटरवर फवारलं की आरडीआय झपाट्याने उतरतो, पण त्यातला क्लोरीन भट्टीतला वायू नेणाऱ्या पाइपांना खातो. ते शेवटीच वापरा.